समाधीभोवती फरशी घालण्याआधी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाच्या वेशीबाहेर नाथपंथी साधूची जुनी दगडी समाधी आहे. गाव त्यांना नाथबाबा म्हणतं. त्यांच्या भोवती गोसावी घराण्यांच्या पंधरा-वीस समाध्या आहेत, काहींवर पादुका कोरलेल्या, काहींवर पिंड. महाशिवरात्रीला यात्रा भरते. 2027 चा सिंहस्थ जवळ आल्यामुळे ग्रामपंचायतीने इथे पर्यटनस्थळ करायचं मनावर घेतलंय. सभामंडप, सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक, स्वागतकमान, पार्किंग आणि हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, असा आराखडा आहे. गोसाव्यांच्या सहा-सात घरांचा त्याला विरोध आहे. ही घरं आजही आपल्या माणसांना तिथेच समाधी देतात. यात्रा कमिटीत असलेल्या एका शिक्षकाने विचारलंय की गावाने हे स्वतःच्या हाताने कसं सांभाळावं आणि सुरुवात कुठून करावी.

गुरुजी, मी पंचवीस वर्षं नाशिक जिल्ह्यात जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करते. त्यातला बराच काळ देवळं, मठ, दर्गे आणि समाध्यांच्या कमिट्यांबरोबर बसण्यात गेला. तुम्ही मंडपाबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत, आणि गोसावी आजही तिथे समाधी देतात हे एका ओळीत. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या एका ओळीत आहे. ती जागा जुनी आहे, पवित्र आहे, यात्रेची आहे, आणि या सगळ्याच्या आधी ती चालू दफनभूमी आहे. सहा-सात घरांचे आईबाप तिथे आहेत. गावाला ही जागा चांगली सांभाळायची असेल तर पहिला शब्द त्या घरांचा राहिला पाहिजे. पुढे मी जे लिहिते आहे ते सगळं इथूनच निघतं.

हिंदू म्हटलं की दहन, असं आपण धरून चालतो. पण संन्याशाला, नाथपंथी जोग्याला, दशनामी गोसाव्याला, लिंगायताला जमिनीतच ठेवतात. आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी आहे. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला आणि शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, त्यांनी तिथेच समाधी घेतली असं वारकरी परंपरा मानते. पौष वद्य एकादशीला तिथे गावोगावच्या दिंड्या येतात. आळंदी आणि सासवड इथेही याच भावंडांच्या समाध्या आहेत. मोठ्या संतांच्या समाधीवर देऊळ उभं राहिलं आणि लोकांना त्याचं देऊळपण तेवढं दिसू लागलं. तुमच्या गावात मात्र देऊळ आणि दफनभूमी अजून एकत्र नांदतात.

गोसावी आणि नाथपंथी समाधीत देह पुष्कळदा बसता ठेवतात, भोवती मीठ भरतात. काही ठिकाणी खड्ड्यात बाजूला कोनाडा काढून वर दगडी झाकण ठेवतात. त्यामुळे वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीखाली पोकळी असू शकते. अशा जागेवर रोलर आणि जेसीबी आणायचाच नाही. आणि दगड फक्त सधन माणसाच्या समाधीवर बसतो. गरिबाच्या मातीवर चार धोंडे ठेवतात, पाचसात पावसाळ्यांत तेही विखुरतात. तुम्ही पंधरा-वीस समाध्या मोजल्यात. खाली किती माणसं आहेत हे त्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

एका गावात हे विचारलं गेलं नव्हतं. मला बोलावलं तोवर निम्म्या आवारात ब्लॉक बसले होते. मी आणि सरपंच बोलत उभे होतो, तेवढ्यात सत्तरीचे एक गोसावी बाबा आले आणि एका कोपऱ्यात जाऊन चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "ताई, इथं माझी माय आहे. आता पाणी कुठं घालू?" ठेकेदार तिथेच होता, सरपंच होते, कुणालाच काही बोलता आलं नाही. तेवढे ब्लॉक आम्ही काढून घेतले, पण त्या घराने त्या वर्षीपासून यात्रेला येणं सोडलं. यात्रेचा पहिला मान त्यांचा होता, समाधीला पहिलं पाणी तेच घालत. ते गेल्यावर यात्रा भरली, दुकानं लागली, पाळणे आले, पण यात्रा कशाची हे सांगणारं कुणी उरलं नाही. तुमच्याकडे अजून काम सुरू झालेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता जमीन कुणाची ते बघू, कारण कमिट्या इथेच अडकतात. सातबारा काढा, आणि जागा गावठाणात येत असेल तर मिळकत पत्रिका. कब्जेदार कोण, इतर हक्कांत काय लिहिलंय, हे नीट वाचा. देवस्थान इनाम वर्ग 3, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन, असं निघालं तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही आणि नावावरही होत नाही, मग वहिवाट कुणाचीही असो. जुने फेरफारही काढा. इनाम पेशवाईतलं असल्याची आठवण गावात असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडी वाचणारा माणूस बरोबर घेऊन तिथे दोन दिवस बसणं वाया जात नाही. 1883 चा नाशिक जिल्हा गॅझेटियर चाळा, त्यात तालुकावार ठिकाणं आणि जातींच्या रीतिभाती दिलेल्या आहेत. तुमच्या गावाचं नाव सापडेलच असं नाही, पण गोसाव्यांची माहिती उपयोगी पडेल.

दुसरा कागद ट्रस्टचा. तुम्ही लिहिलंय की ट्रस्ट आहे, पण दोन भावक्यांमध्ये वाद आहे. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा उतारा काढा, त्यात ट्रस्टची आणि विश्वस्तांच्या नावांची नोंद असते. माझा अनुभव सांगते, बहुतेक वेळा उताऱ्यावरचे निम्मे विश्वस्त वारलेले असतात आणि गावात विश्वस्त म्हणून मिरवणारे कागदावर कुठेच नसतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो कुणीच दिलेला नसतो. आधी हे दुरुस्त करा. उशिराचा चेंज रिपोर्टही विलंबमाफीचा अर्ज जोडून देता येतो. हे होईपर्यंत कुणाशीही करार करू नका, कारण त्यावर सही करायचा अधिकार कुणाला आहे हेच ठरलेलं नसेल.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चं कलम 36 कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत हवं. ट्रस्टची जमीन विकायला, बदलायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जमीन आणि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी तेच. रिसॉर्टवाला किंवा पार्किंगचा ठेकेदार तीस वर्षांचा करार घेऊन आला तर त्याला हे कलम दाखवा. सिंहस्थाच्या आधी अशी माणसं येतात आणि रोख घेऊन येतात.

शेजारच्या गावात दर्गा असेल आणि तिथली मंडळी तुमचं बघून काही करू पाहत असतील तर त्यांना सांगा की त्यांचा कायदा वेगळा आहे. वक्फची नोंद असेल तर धर्मादाय कार्यालयात काम होत नाही, वक्फ मंडळाकडे जावं लागतं, आणि 2025 च्या दुरुस्तीने नोंदीची माहिती पोर्टलवर भरणं बंधनकारक केलंय. बाकी मी पुढे जे सांगते ते दर्ग्यालाही तितकंच लागू पडतं. जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकतात. थडगं असो की समाधी, सांभाळण्याची रीत फार वेगळी नसते.

एक चौकशी राहिली. ही वास्तू संरक्षित आहे का? केंद्राच्या यादीत असेल तर 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी 200 मीटर परवानगीने. राज्याच्या यादीत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला विचारावं लागेल, त्यांचं नाशिक विभागाचं कार्यालय सरकारवाड्यात आहे. दोन्हीकडे नसेल, आणि बहुधा नसेलच, तरी त्यांना पत्र देऊन एकदा पाहणीला बोलवा. त्यांचा माणूस येऊन गेला की गावातली बेफाम बांधकामाची भाषा आपोआप खाली येते, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

ग्रामपंचायत आणि ट्रस्ट यांची कामं वेगळी ठेवा. समाधीच्या आवाराच्या आत ट्रस्ट बघेल. बाहेरचा रस्ता, पाणी, संडास, कचरा आणि पार्किंग ग्रामपंचायतीकडे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली यात्रेकरूंवर आणि जत्रांवर कर बसवायचा अधिकार पंचायतीला आहे. तेव्हा पार्किंगच्या नावाखाली चार पोरांनी रस्ता अडवून पन्नास-पन्नास रुपये घ्यायची गरज नाही. ठराव करा, दर लिहा, पावती द्या. तुमचं गाव दिंडोरीच्या अनुसूचित भागात येत असेल तर पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू होतो. मग गावाच्या रूढी-परंपरा आणि सामाईक साधनसंपत्ती सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. पेठ, सुरगाणा आणि कळवणमध्ये तर अख्खा तालुकाच त्यात आहे. या अधिकाराचा उपयोग करून समाधीच्या आवाराचे नियम ग्रामसभेच्या ठरावात घाला. सरपंच बदलला तरी ठराव राहतो.

रोजची व्यवस्था बघायला एक लहान समिती करा, अकरा माणसांच्या आत. मोठी झाली की फोटोपुरती उरते. त्यात गोसावी घरांचे निदान तीन जण घ्या, आणि त्या तिघांत एक बाई असू द्या. कुठे कोण पुरलंय हे बायकांना जास्त नीट आठवतं, कारण सणावाराला दिवा लावायला त्याच जातात. पुजारी, ग्रामपंचायतीचा एक सदस्य, शाळेतून तुम्ही, बचतगटाच्या दोघी, आणि दोन्ही भावक्यांचा एकेक. एक गोष्ट लेखी ठरवा. आवारात खोदकाम, नवं बांधकाम किंवा समाधी हलवणं यातलं काहीही गोसावी घरांच्या संमतीशिवाय होणार नाही, मग बहुमत कितीही असो. हे ऐकून काही जण रागावतील. म्हणतील, सहा घरांसाठी सहाशे घरं थांबायची का? मी असल्या बैठकांत एकच विचारते, तुमच्या आईच्या समाधीवरून रस्ता न्यायचा झाला तर तुम्ही मतदान घ्याल का? त्यानंतर बैठकीचा सूर बदलतो. कायदाही इथे त्यांच्या बाजूने आहे. भावना दुखावतील हे माहीत असताना दफनाच्या जागी घुसून तसं काम करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 प्रमाणे गुन्हा आहे. ते कलम बैठकीत दाखवायची वेळ न आलेली बरी, पण माहीत असू द्या.

ज्या दिवशी तिथे कुणाला समाधी द्यायची असेल त्या दिवशी पर्यटकांसाठी आवार बंद. दोरी लावायची, पाटी लावायची, आणि घरच्यांनी सांगेपर्यंत उघडायचं नाही. भंडाऱ्याच्या दिवशीही त्यांनाच विचारायचं. फोटो काढायला त्या दिवसांत पूर्ण मनाई. एरवीही लहान समाध्यांवर बसून, पाय ठेवून फोटो काढणाऱ्याला तिथल्या तिथे उठवायचं. बायकांना आत जाऊ द्यायचं का हा वाद मुळात काढू नका. सार्वजनिक पूजास्थानात प्रवेशाचा 1956 चा कायदा आहे, आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयाने देवळांबाबत आणि हाजी अली दर्ग्याबाबतही बायकांच्या बाजूने स्पष्ट सांगितलेलं आहे.

पैशाचं सांगते. मी पाहिलेले बहुतेक तंटे श्रद्धेवरून झाले नाहीत, पेटीवरून झाले. दानपेटीला दोन कुलपं ठेवा, एक किल्ली ट्रस्टकडे, एक गोसावी घरांपैकी कुणाकडे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पाच जणांसमोर उघडा, मोजा, पंचनामा लिहा, सह्या घ्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. आकडा देवळाच्या फळ्यावर खडूने लिहा. क्यूआर कोड लावाल तर तो ट्रस्टच्या खात्याचाच हवा. एका ठिकाणी दोन वर्षं पुजाऱ्याच्या मुलाच्या खात्याचा कोड चिकटवलेला होता. त्याने पैसे खाल्ले नव्हते, हिशोब वहीत होता, पण गावाचा विश्वास गेला तो गेलाच. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक हवेत आणि किती छापली याची नोंद हवी. 31 मार्चला हिशोब बंद करून ऑडिट करून घ्या. आलेल्या पैशातला ठरावीक वाटा आधी समाध्यांच्या देखभालीला बाजूला काढा, मग उरलेल्यातून सोयी. हे उलटं झालं की वर्षभर मंडप-लायटिंगवर खर्च होतो आणि दगडाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

यात्रेतल्या दुकानांच्या जागा लिलावाने दिल्या तर बाहेरचा व्यापारी जास्त बोली लावतो आणि गावातली बाई रस्त्याच्या कडेला गाठोडं घेऊन बसते. निम्म्या जागा गावातल्यांना ठरावीक भाड्यात, चिठ्ठ्या टाकून द्या. उमेद या सरकारी अभियानातल्या बचतगटांना चहा-नाश्त्याचं आणि उपवासाच्या पदार्थांचं काम द्या. महाशिवरात्रीला भगर लागतेच, ती तुमच्याच शिवारातली असावी. पर्यटनातून गावाला मिळतं ते एवढंच आणि तेही पुष्कळ आहे. मोठं हॉटेल येईल या आशेवर कुणी शेत विकू नये.

आता दगडाकडे येते, माझं खरं काम तिथे आहे.

समाध्या काळ्या पाषाणाच्या आहेत आणि सांधे चुन्याचे असणार. पावसाचं पाणी सांध्यांतून आत जातं, आणि चुन्यातून ते हळूहळू बाहेरही पडतं. सिमेंट भरलं की त्याची वाट अडते. पाणी मग दगडाच्या कडेने निघतं, बरोबर क्षार आणतं, आणि चारपाच पावसाळ्यांत दगडाच्या पापड्या सुटायला लागतात. मग लोक म्हणतात दगडच कुजका होता. ऑइलपेंटचंही तेच. पादुकांवर चांदीचा रंग, पिंडीला काळा, चौथऱ्याला गेरू, असं दरवर्षी एकावर एक चढत जातं आणि खालचं कोरीव काम बुजतं. एखाद्या समाधीवर अक्षरं असतील तर ती सगळ्यात आधी जातात. टाइल्स तर लावूच नका. टाइल लावलेली समाधी मी जेव्हा जेव्हा उघडली, तेव्हा आतला दगड ओला आणि कडेने फुटलेला निघाला.

सांधे भरायचे तर चुन्याने भरा. चुना आधीपासून भिजवून मुरवलेला हवा, त्यात चाळलेली वाळू, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे गूळ, बेलफळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. हे जाणणारे गवंडी आता थोडे राहिलेत, पण आहेत. एक बोलवा आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं द्या. तीच पोरं पुढची वीस वर्षं तुमच्या समाध्या सांभाळतील. साफसफाईला ॲसिड नको, प्रेशरचं पाणी नको, वाळूचा फवारा नको. साधं पाणी आणि काथ्याचा कुंचा पुरे. पिंपळ-उंबराची रोपं बोटाएवढी असतानाच काढा. मूळ सांध्यात खोल गेलं असेल तर ओढू नका, दगड सरकतो. कापून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, प्रत्येक समाधीचा त्याच कोनातून एक फोटो काढून ठेवायचा. शाळेची पोरं हे आनंदाने करतात. पाच वर्षांनी कुठला दगड हलला हे त्या फोटोंवरून कळतं. आणि अक्षरं वाचायची असतील तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात फोटो घ्या, दुपारी काही दिसत नाही. खडू किंवा रंग भरून अक्षरं उठवू नका.

जमिनीला पेव्हर ब्लॉक नकोत हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पण चिखलात लोकांनी चालायचं कसं हा ग्रामपंचायतीचा प्रश्न रास्त आहे. कुठे कोण पुरलंय याचा नकाशा आधी करा, तो कसा ते शेवटी सांगते, आणि त्याप्रमाणे समाध्यांच्या मधून एकच पायवाट ठरवा. खोदायचं नाही. आहे त्या जमिनीवर मुरूम-वाळूचा थर देऊन त्यावर दगडी लाद्या सुट्या ठेवा, चुना-सिमेंट न लावता. उद्या काही चुकलं असं कळलं तर एका दिवसात उचलता येतात. बाकीच्या जागेत गवत राहू द्या, झाडं राहू द्या. मंडप आवाराबाहेर, पंचायतीच्या जागेवर बांधा, आणि यात्रेपुरता कापडी मांडव आवाराच्या कडेला घाला. हायमास्टचा उजेड तर तिथे अजिबात शोभत नाही. कमरेइतक्या उंचीचे, खाली उजेड पाडणारे चार दिवे पुरतात. स्वागतकमान हवीच असेल तर फाट्यावर उभी करा.

गर्दीचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. समजा आवार 60 बाय 40 फूट, म्हणजे 2,400 चौरस फूट. समाध्या, झाडं आणि ओटा वजा जाता निम्मं उरलं, 1,200. माणसाला निवांत उभं राहून नमस्कार करायला आणि वळायला दहा चौरस फूट तरी हवेत. म्हणजे एका वेळी 120 माणसं. प्रत्येक जण दहा मिनिटं थांबला तर तासाला 720, पण माणसं कधीच सारखी येत नाहीत, म्हणून मी निम्मं धरते, साधारण 350. तुमच्या यात्रेत दुपारी बारा ते दोन या वेळात तासाला किती येतात ते गेल्या वर्षीच्या आठवणीवरून काढा. आकडा 350 पेक्षा जास्त असेल तर रांग आवाराबाहेर आणि सावलीत लावावी लागेल. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवा. नारळ आवारात फोडू देऊ नका. 2005 मध्ये वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत जवळपास 300 माणसं गेली, तिथे नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. आणि आपल्या नाशकात 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला अरुंद उतारावर 39 भाविक दगावले. तुमच्या यात्रेत एवढी गर्दी नसेल, पण तुमचा रस्ताही तेवढा रुंद नाही.

पौष वारीत त्र्यंबकला एकदा मुद्दाम जाऊन बघा. प्रत्येक दिंडीचा विणेकरी, चोपदार, पुढे कोण मागे कोण, हे सगळं ठरलेलं असतं. एवढी माणसं, पण दिंडीच्या आत शिस्तीला पोलीस लागत नाही. तुमच्या यात्रेतही मानाचा काही क्रम असेलच, काठी कुणाची, पहिलं पाणी कुणाचं. तो लिहून काढा आणि बंदोबस्त त्याच्याच आधाराने बसवा. बाहेरची एजन्सी नेमून बॅरिकेड लावलेत की पहिल्यांदा हा क्रम मोडतो.

पाटीवर आणि येणाऱ्यांना काय सांगायचं, हेही आधी ठरवा. मला इथे कळकळीने सांगायचंय की खोटा इतिहास लिहू नका. हजार वर्षं जुनी, अमुक राजाने बांधलेली, असलं काही कागदाशिवाय नको. आठवण आहे ती आठवण म्हणून लिहा, "गावात असं सांगतात" एवढं पुरतं. त्याचबरोबर गोसावी कोण, ते दहन का करत नाहीत, पादुका आणि पिंडीचा अर्थ काय, हे त्या घरांच्याच तोंडून लिहून घ्या. गावातली चार पोरं-पोरी वाटाड्या म्हणून तयार करा, पण त्यांना काय सांगायचं तितकंच काय सांगायचं नाही हेही शिकवा. कुठल्या घरचा कोण कशाने गेला, या गोष्टी पाहुण्यांसाठी नसतात.

राहिला सिंहस्थ. निधीसाठी घाई होते आहे हे कळतं. क वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा जिल्हा नियोजन समितीमार्फत मिळतो, ब वर्ग राज्य पातळीवर. प्रस्ताव जरूर करा, पण त्यात काय मागायचं ते तुमच्या नकाशावरून ठरवा. रस्ता, पिण्याचं पाणी, बायकांसाठी संडास, कचऱ्याची गाडी, आवाराबाहेरचा निवारा, आणि चुन्याच्या कामासाठी जतनाचा निधी. मंडप-फरशीचा तयार आराखडा ठेकेदाराकडून येतो, तो जसाच्या तसा जोडू नका. आणि फार मोठं व्हायची हौस धरू नका. शिर्डी इथून दोन-अडीच तासांवर आहे. तीही एका समाधीपासून सुरू झाली, 1918 साली. आज तिथला कारभार 2004 च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो, आणि त्या कायद्यात मंडळ सरकारने नेमायचं आहे. एवढा व्याप सांभाळायला ते लागलंही असेल, पण तिथे आता समाधीपाशी बहुतेकांना रांगेतूनच जावं लागतं. तुमच्या गोसावी बाबांना संध्याकाळी एकट्याने जाऊन दिवा लावता यायला हवा.

तुमची ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे असं लिहिलंय. तिच्या आधी एका सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, गोसावी घरांतल्या सगळ्यात वयस्कर आजींना आणि बाबांना घेऊन समाधीवर जा. बरोबर मोजपट्टी, सुतळी, खुंट्या, फक्कीची पिशवी आणि वही घ्या. घाई करू नका, चहा न्या. त्या जिथे थांबतील, जिथे हात दाखवतील, तिथे फक्कीने चौकोन काढा, चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि वहीत नाव लिहा. नाव आठवत नसेल तर नातं लिहा, "धाकट्या काकाची पहिली बायको" असंही चालेल. खुंट्या वरवर ठोका, खोल नको. सगळं झाल्यावर उंचावरून, झाडावर चढून का होईना, एक फोटो काढा. तो फोटो मोठा छापून ग्रामसभेत भिंतीवर लावा आणि सरपंचांना म्हणा, यात आता मंडप कुठे बसतो ते दाखवा.